मेंदूचा फोटो आणि मनाचा आजार

(संस्थेच्या सेवाग्राम येथील पालक-मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना थोडी भर घातली आहे.)



प्रारंभीच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा एक सामान्य शिक्षक आहे. मेंदूसारख्या विषयावर अशा माणसाने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या घरात आपणहून आला. मग जे वाचले, ज्यांना विचारले, ते सारे गरजेपोटी. मेळाव्यात वेळ थोडा होता आणि पोरांचे रडणे फार होते, त्यामुळे बरेच अर्धवट राहिले. वाचक सवडीने वाचतील, म्हणून आता वाचकांशीच बोलतो.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे. त्याच्या परवानगीने, किंबहुना त्याच्याच आग्रहावरून हे लिहीत आहे. “भाईजान, नाव तेवढं घेऊ नका, बाकी सगळं सांगा,” असे तो म्हणाला.

२०१५ साली, तो एकवीस वर्षांचा असताना, पावसाळ्याच्या तोंडी त्याची झोप कमी झाली. रात्री दोन तास झोपून तो ताजातवाना उठे. बोलणे इतके वेगाचे की एक वाक्य पुरे व्हायच्या आत दुसरे सुरू. आठ दिवसांत त्याने उधारीवर तीन शिलाई मशिनी आणल्या आणि वर्धा, पुलगाव, हिंगणघाट अशा तिन्ही ठिकाणी दुकाने काढण्याचा बेत तो येईल त्याला ऐकवू लागला. अब्बांना वाटले, पोरगा कर्तबगार निघाला. मलाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. पुढे थंडीच्या दिवसांत तोच मुलगा खाटेवरून उठेना. आंघोळ नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणे नाही. मशिनी ओसरीत तशाच पडून होत्या.

कुणी नजर म्हणाले, कुणी बाहेरची बाधा म्हणाले. ताईत झाला, दम केलेले पाणी झाले. अम्मीच्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. दुआ आणि दवा यांच्यात भांडण आहे असे आमच्या घरी कधी कुणी मानलेच नव्हते. फक्त दवा उशिरा आली. एका डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तेवढ्यात कोणीतरी सुचविले की, एकदा मेंदूचा फोटो काढा, म्हणजे काय ते कळेल. अब्बांनी दोन बकऱ्या विकल्या आणि आम्ही शहरात जाऊन एम.आर.आय. काढला. यंत्राच्या खोलीत धातू नेता येत नाही, म्हणून तेथील माणसाने भावाच्या गळ्यातला ताईत काढायला सांगितले. तो काढून अम्मी अर्धा तास बाहेर मुठीत धरून बसली होती. रिपोर्ट आला: मेंदू सर्वसाधारण, दोष आढळला नाही.

माझे मामू व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, “मेंदूत काही नाही म्हणजे आजार नाही. काम नको म्हणून नाटक करतो.” गोळ्या बंद झाल्या. मी घरातला शिकलेला माणूस, पण मीही गप्प बसलो. त्या कागदावर छापील अक्षरांत ‘सर्वसाधारण’ लिहिलेले होते ना!

२०१७ साली तो पुन्हा तसाच उधळला. तीन दिवसांनी एका रेल्वे फलाटावर अनवाणी सापडला. त्यानंतरची उदासी पहिलीपेक्षा फार खोल होती. त्या हिवाळ्यात त्याला विहिरीवरून परत आणले ते शेजारच्या चाचांनी. याहून अधिक लिहीत नाही.

मग आम्ही सेवाग्रामला आलो. येथील वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नाने गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली निघाले, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या कस्तुरबा रुग्णालयात खादी घातलेले तरुण डॉक्टर दिसतात, तेही आपल्या पाहण्यातले. मी एम.आर.आय.ची ती मोठी पिशवी छातीशी धरूनच मानसोपचार विभागात गेलो होतो. डॉक्टरांनी फिल्म पाहिली, बाजूला ठेवली आणि तासभर प्रश्न विचारले. झोप केव्हा कमी झाली? किती दिवस? मशिनी कोणत्या महिन्यात आणल्या? उदासी कधी सुरू झाली? घराण्यात आणखी कुणी? तेव्हा मला अब्बांचे थोरले भाऊ आठवले. ते ‘फकीर होऊन निघून गेले’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर मधोमध आडवी रेघ ओढली आणि माझ्या उत्तरांप्रमाणे पेन्सिलीने तिच्या वर टेकड्या आणि खाली दऱ्या काढीत गेले. तीन वर्षे एका कागदावर आली. निदान त्या कागदावरून झाले. आजाराचे नाव बायपोलर डिसऑर्डर. मराठीत त्याला द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात, जुन्या पुस्तकांत उन्माद-अवसाद असाही शब्द आढळतो. एक टोक उन्मादाचे, दुसरे औदासीन्याचे, आणि मध्ये बऱ्याच वेळा अगदी चांगले दिवस.

आता माझा प्रश्न साधा होता, आणि कदाचित तुमचाही तोच असेल. आजार मेंदूचा आहे असे म्हणतात; मग फोटोत का दिसत नाही?

याचे उत्तर समजायला आधी फोटो कसला ते समजले पाहिजे. क्ष-किरणांचा शोध रंटजेनने १८९५ साली लावला, पण त्यात कवटीचे हाड उमटते, आतला मऊ मेंदू नाही. पुढे पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूतल्या पोकळ्या पाहण्याची रीत निघाली. ती फार वेदना देणारी होती. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे आडवे छेद प्रथमच पडद्यावर दाखविले. हेच सी.टी. स्कॅन. गंमत अशी की हाउन्सफिल्ड ई.एम.आय. कंपनीचा अभियंता होता, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्यांच्या तबकड्या फोनोवर ऐकल्या त्याच ग्रामोफोनवाल्यांचा! त्याला आणि अॅलन कॉर्मॅकला १९७९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एम.आर.आय. आले. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात आणि त्यांचे केंद्रक इवल्याशा चुंबकासारखे वागते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट जोराच्या चुंबकात माणसाला निजविले की हे इवले चुंबक रांगेत येतात. रेडिओ लहरींनी त्यांना धक्का द्यायचा आणि ते परत जागेवर येताना जो संदेश सोडतात तो पकडायचा. मेंदूच्या करड्या भागाचा संदेश वेगळा, पांढऱ्या भागाचा वेगळा, द्रवाचा वेगळा. त्यावरून संगणक चित्र उभे करतो. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना यासाठी २००३ साली नोबेल मिळाले.

या यंत्राने द्विध्रुवीय आजाराच्या रुग्णांचे मेंदू पाहणे साहजिकच सुरू झाले. सुरुवातीच्या अभ्यासांत वीस-तीस रुग्ण असत, आणि निष्कर्ष एकमेकांशी भांडत. भावनांशी संबंधित असा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, अमिग्डाला. तो कुणाला मोठा आढळला तर कुणाला लहान. शेवटी अनेक देशांच्या संशोधकांनी आपापली चित्रे एकाच पद्धतीने मोजून आकडे एकत्र करण्याचे ठरविले. या सहकार्याचे नाव एनिग्मा. २०१६ साली त्यांनी १,७१० रुग्ण आणि २,५९४ निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आणि संदेशांचे नाके म्हणावे असा थॅलॅमस, हे रुग्णांत सरासरीने किंचित लहान होते आणि मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या किंचित मोठ्या. २०१८ साली दुसरा अहवाल आला, त्यात २,४४७ रुग्ण आणि ४,०५६ निरोगी माणसे होती. मेंदूवर सालीसारखा जो करडा थर असतो त्याची जाडी सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास. हा थर रुग्णांत कपाळामागे, कानशिलाच्या बाजूला आणि वरच्या भागात थोडा पातळ आढळला. कपाळामागचा भाग म्हणजे मनाला लगाम घालणारा, आधी विचार मग कृती शिकविणारा. उन्मादात हाच लगाम सुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाला अर्थ आहे असे वाटते.

म्हणजे फरक आहे. खरा आहे, हजारो माणसांत मोजलेला आहे. पण केवढा? मिलिमीटरच्या शतांशात मोजावा एवढा, आणि तोही सरासरीचा.

इथे माझ्या धंद्यातला दाखला देतो. समजा आपल्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्या आहेत. ‘अ’ची भूगोलाची सरासरी ५८, ‘ब’ची ५४. मुले मात्र दोन्हीकडे तिसापासून नव्वदापर्यंत पसरलेली. ‘ब’ तुकडी मागे आहे हे विधान खरेच आहे, आणि का मागे आहे हे मुख्याध्यापकांनी विचारायलाच हवे. पण नाव झाकून मी तुमच्या हातात ५५ गुणांची एक उत्तरपत्रिका दिली तर ती कोणत्या तुकडीची हे सांगाल का? नाही सांगता येणार. ‘ब’मध्येही ८५ वाला असतो आणि ‘अ’मध्येही ३५ वाला. मेंदूच्या चित्राचे नेमके हेच आहे. कुणाची कवटी मोठी, कुणाची लहान, वय वाढले की करडा थर सर्वांचाच पातळ होतो, दारूनेही होतो. या पसाऱ्यात आजाराचा तेवढासा फरक एकट्या माणसाच्या फिल्मवर डोळ्यांना दिसत नाही. संगणकाला शिकवून त्याच्याकडून ओळखवून घेण्याचाही प्रयत्न झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तेरा केंद्रांतील ३,०२० माणसांची चित्रे होती. संगणकाचे उत्तर शंभरात सुमारे पासष्ट वेळा बरोबर आले. नाणे उडवून पन्नास वेळा येतेच!

तेव्हा वाचकहो, ‘सर्वसाधारण’ या शब्दाचा अर्थ एवढाच की गाठ नाही, रक्तस्राव नाही, डोळ्यांना दिसेल असा दुसरा दोष नाही. ‘आजार नाही’ असा त्याचा अर्थ कुठल्याही रिपोर्टात नसतो. आम्ही तो घरी बसून लावला आणि त्याची किंमत माझ्या भावाने दोन वर्षे मोजली.

मग हा फोटो काढूच नये काय? तसेही नाही. डोक्याला मार लागला असेल, फेफरे येत असेल, हातापायातली शक्ती गेली असेल, किंवा पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच असे वागणे सुरू झाले असेल, तर मेंदूत गाठ, जुनी जखम किंवा आपल्याकडे आढळणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांपासून झालेल्या गाठी नाहीत ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर तो सांगतात. तेव्हा अवश्य काढावा. फक्त तो डॉक्टरांनी सांगितलेला असावा. शेजाऱ्याच्या सल्ल्याने बकऱ्या विकू नयेत.

आता औषधाविषयी, कारण चित्रांची खरी गोष्ट मला तिथे सापडली. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाचा डॉक्टर होता. महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत काढून परतलेला. मेलबर्नच्या एका साध्या रुग्णालयात त्याने लिथियमचे क्षार गिनीपिगांना टोचले. ते शांत झालेले पाहून पुढे उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले आणि १९४९ साली ते छापले. लिथियम हे खनिज, त्याचे पेटंट कुणाला मिळणार नव्हते, म्हणून कंपन्यांना त्यात रस नव्हता. डेन्मार्कच्या मोगेन्स शूने ते चिकाटीने तपासले. त्याच्या स्वतःच्या भावाला वरचेवर खोल उदासी येई, आणि लिथियमने ती आटोक्यात आली. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

२००० साली अमेरिकेत दहा रुग्णांचा मेंदू लिथियमच्या आधी आणि चार आठवड्यांनंतर मोजला गेला. दहापैकी आठ जणांत करडा भाग वाढलेला दिसला, सुमारे तीन टक्क्यांनी. काही शास्त्रज्ञांनी शंका काढली की लिथियममुळे चित्राचा संदेशच बदलत असेल, आणि शंका रास्त आहे. पण २०१८ च्या त्या मोठ्या अहवालातही लिथियम घेणाऱ्यांचा करडा थर न घेणाऱ्यांपेक्षा जाड होता, तर जितकी वर्षे आजार जुना तितका काही भागांत तो अधिक पातळ. पातळपणामुळे आजार की आजारामुळे पातळपणा, याचा निकाल अजून लागायचा आहे. तरी ‘गोळ्यांनी मेंदू सुकतो’ असे आपल्या वस्तीत जे सर्रास बोलले जाते, त्याला लिथियमच्या बाबतीत तरी या चित्रांत आधार नाही.

लिथियम स्वस्त आहे, पण बेफिकिरीने घेण्याचे औषध नाही. रक्तातले प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठराविक मुदतीने तपासणी हवी. अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांनीही त्याचे प्रमाण वाढते. आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घाम गेला आणि पाणी पोटात गेले नाही तरीही ते वाढते. म्हणून रमजानविषयी येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे हे आपण सर्व जाणतो, पण ती ताप आलेल्याला देतो आणि मनाच्या आजाऱ्याला द्यायला कचरतो. शिवाय तरावीह आणि सहरीमुळे झोप मोडते आणि मोडलेली झोप हे उन्मादाला आमंत्रण असते. कुणी रोजे ठेवावेत, कुणी ठेवू नयेत हे रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना आणि मग आपल्या आलिमांना विचारावे. मनाने गोळी वगळू नये.

मेळाव्यात एका पालकाने मला विचारले की, मास्तर, मेंदूची ही चित्रे मोहल्ल्यात दाखवली तर लोक हिणवायचे थांबतील ना? मी तेव्हा होय म्हणालो. घरी येऊन विचार केला आणि आता तितका खात्रीचा नाही. आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आपण सर्वांनी पाहिली आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सनने नॉर्वेत १८७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आजार जंतूचा, पापाचा नव्हे, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसले. तरीही १९३९ साली परचुरे शास्त्रींसारखा संस्कृत पंडित आसऱ्याला जागा नाही म्हणून सेवाग्रामला आला. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. जंतू दिसल्याला तेव्हा सहासष्ट वर्षे झाली होती.

आपल्या देशात २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. द्विध्रुवीय आजाराच्या दहा रुग्णांपैकी सुमारे सात जणांना उपचार मिळत नव्हते. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. नातेवाइकांनीच त्यांना दर्ग्याच्या आशेने तेथे नेऊन ठेवले होते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे सक्त मनाई आहे. आणि घरात कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले तर तो नाटक करतो असे म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका, आणि १४४१६ हा सरकारी टेलिफोन क्रमांक लावा. तो रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येते.

माझ्या भावाची गोष्ट अपुरी राहिली. तीनपैकी दोन मशिनी परत गेल्या, एक राहिली. तिच्यावर तो आता शाळेचे गणवेश शिवतो. यंदाच्या संमेलनातील पाचवीच्या मुलांचे त्यानेच शिवले होते. मध्ये एकदा, २०२१ साली, झोप कमी होऊ लागली तेव्हा तो आपणच म्हणाला, “भाईजान, सेवाग्रामला चला.” मामू आता त्याला रक्ततपासणीच्या तारखेची आठवण करून देतात. पेन्सिलीच्या त्या कागदाची घडी अम्मीने ताइताच्या डबीत ठेवली आहे. एम.आर.आय.ची फिल्म कपाटावर धूळ खात पडली होती. मागच्या महिन्यात भावाने ती खाली काढली आणि तिच्यावर खडूने गणवेशाच्या खिशाचे माप आखले. पातळ आणि ताठ असल्यामुळे बेतायला बरी पडते, म्हणाला.